गुरुपुष्यावरची वीस टक्के सवलत

आमच्या कंपनीनं मला वीस टक्के स्वस्तात मालक करायचं ठरवलं, तेव्हा मी अकाउंट्स खात्यातल्या माझ्या खुर्चीत बसून एका सेल्सवाल्याचं रिक्षाभाडं कापत होतो. अंबरनाथ स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत जेवढं भाडं त्यानं लावलं होतं तेवढ्यात माणूस कर्जतला जाऊन वडापाव खाऊन परत येईल. मी लाल पेनानं रेघ मारली आणि तेवढ्यात मेल आला. 'कर्मचारी समभाग खरेदी योजना.' शेअर म्हटलं की तोपर्यंत मला रिक्षाच आठवायची.

परिपत्रक वाचायची मला सवय आहे. इतर लोक परिपत्रकाचा विषय वाचतात आणि बाकीचं मला विचारतात. योजना सरळ होती. कंपनीच्या शेअरचा त्या दिवशीचा भाव पाचशे रुपये; आम्हाला तो चारशेला. माझ्या हुद्द्याच्या माणसानं जास्तीत जास्त पाचशे शेअर घ्यायचे. महिन्याभरात कधीही पोर्टलवर जाऊन 'स्वीकार' हे बटण दाबायचं, बँकेतून पैसे जातात. बाजारात भाव कितीही होवो, आपला चारशे ठरलेला.

म्हणजे दोन लाख घालायचे, अडीच लाख होणार. मी सेल्सवाल्याच्या बिलामागं हा हिशेब मांडला आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. कारण मला पन्नास हजारच कमी पडत होते.

मला म्हणजे वृंदाला. माझी बायको शिवलेली नऊवारी भाड्यानं देते. मुंजीला, लग्नाला, शाळेच्या गॅदरिंगला, पाडव्याच्या शोभायात्रेला बुलेटवर बसणाऱ्या मुलींना. पायात घातली, नाडी बांधली, पदर टाकला, झाली बाई पेशवाईतली. हा धंदा आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या दोन खोल्यांत इतका वाढला की कपाटं तिची झाली, पलंगाखालची जागा तिची झाली आणि माझे शर्ट खिडकीच्या गजाला लटकायला लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, इथं कुणीतरी धोबी राहतो. तेव्हा वृंदानं बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, एक गाळा बघून ठेवला होता. भोवती नवे टॉवर, टॉवरमध्ये नवी कुटुंबं, कुटुंबांत लग्नाच्या मुली. गाळ्याचा मालक जनू. त्याच्या बापाचं तिथं शेत होतं. आता ओळीनं शटर उगवली आहेत. डिपॉझिट अडीच लाख. वृंदाकडे तिच्या स्वतःच्या कमाईचे दोन लाख होते.

आकडे असे समोरासमोर येऊन उभे राहिले की देव आहे असं माणसाला वाटतं. अकाउंटंटला तर ताळेबंद जुळला की दर वर्षी वाटतं.

"तुझे दोन लाख मला महिनाभर दे," मी वृंदाला म्हणालो. "अडीच करून देतो."

"कुठं दुप्पटवाल्याकडे तर गुंतवत नाही ना?"

"अगं, कंपनीचे शेअर. वीस टक्के सवलत. फक्त सवलतीवर कर लागतो, तो मी माझ्या पगारातून भरीन. तुझे अडीच अखंड."

"सवलतीवर कर?" ती हातातली सुई थांबवून म्हणाली. "म्हणजे उद्या भाजीवालीनं कोथिंबीर फुकट घातली तर सरकार येणार?"

"भाजीवाली तुझी मालकीण नाही. मालकानं नोकराला स्वस्तात काही दिलं, की जेवढं स्वस्त तेवढा पगारच दिला, असं कायदा म्हणतो. पाचशेची वस्तू चारशेला दिली, शंभर पगार. पाचशे शेअर, पन्नास हजार पगार. माझ्या पगाराच्या पायरीला तीस टक्के. पंधरा हजार कर."

हे मी इतकं स्वच्छ समजावलं की माझं मलाच कौतुक वाटलं. पुढं जे घडलं त्याबद्दल लोक म्हणतात की गुरुदत्तला कराचं माहीत नव्हतं. हे धादांत खोटं आहे. मला कर माहीत होता. मला कौसाकाकी माहीत नव्हत्या.

म्हणजे ओळख होती. तळमजल्यावर राहतात, पंचांग त्यांच्या उशाशी असतं, आणि सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची झाली तरी सेक्रेटरी आधी त्यांना दिवस विचारतो. वृंदानं जिन्यात त्यांना सहज सांगितलं की हे शेअर घेतायत, आणि काकी थेट वर आल्या. मी पोर्टल उघडून बसलोच होतो.

"आज घेतोस?" त्यांनी विचारलं.

"आजच. दाबलं की झालं."

"आज काय आहे?"

"मंगळवार."

"नुसता मंगळवार असता तर मी जिने चढले असते का? भद्रा आहे. वृंदाच्या घामाचा पैसा आहे तो. भद्रेवर टाकतोस?"

मी माणूस म्हणून भद्रेला मानत नाही. पण घामाच्या पैशाचा उल्लेख झाल्यावर वृंदानं माझ्याकडे पाहिलं, त्या पाहण्याला मानतो. मी लॅपटॉप मिटला.

काकींनी दोन दिवस काढून दिले. एक अक्षय्य तृतीया, दुसरा गुरुपुष्यामृत. अक्षय्य तृतीया रविवारी आली होती, आणि रविवारी कंपनीचं पोर्टल दुरुस्तीसाठी बंद असतं. म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक आयटी खात्यानं खाल्ला. राहिला गुरुपुष्य, त्यानंतरच्या गुरुवारी. "त्यावर घेतलेलं वाढतंच," काकी म्हणाल्या. "लोक सोन्याला रांगा लावतात. तुझं तर घरबसल्या आहे."

माझ्या मनात शंका होती म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या अनीशला विचारलं. हा मुलगा मोबाइलवर शेअरबाजार करतो आणि बोलताना नेहमी वर कुठेतरी हिरवा-लाल फळा असल्यासारखा बघतो.

"काका, थांबा ना बिनधास्त," तो म्हणाला. "तुमचा स्टॉक मस्त चाललाय. मोठ्या ऑर्डरची न्यूज आहे. तुमचे चारशे तर फिक्स आहेत. जितका वर जाईल तितका तुमचा फायदा. घाई किस बात की?"

पंचांग आणि शेअरबाजार या दोन शास्त्रांचं आमच्या इमारतीत पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मी कोण विरोध करणार?

आणि भाव खरोखर चढला. साडेपाचशे, सहाशे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सुविचार यायचा तिथं माझ्या कंपनीचा भाव यायला लागला. वॉचमन गेट उघडताना विचारायचा, "साहेब, आज कितना?" ज्या वाघमाऱ्यांनी पार्किंगवरून माझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी स्वतःची गाडी हात-दोन हात सरकवून घेतली. भाव सहाशे साठला पोचला त्या दिवशी मी ऑफिसात एका माणसाचं चहाचं बिल न कापता पास केलं.

गुरुपुष्याच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. काकींनी पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर माझा मोबाइल. सोनं असतं तर त्याला हळदकुंकू वाहतात; शेअर दिसत नाहीत, म्हणून मोबाइलला वाहायचं ठरलं. वृंदा म्हणाली, "अहो, निदान कव्हर तरी असू दे." पण काकींना मधे प्लास्टिक नको होतं. त्यांनी ओल्या बोटानं पडद्यावर स्वस्तिक काढलं. मुहूर्त सुरू झाला, मी 'स्वीकार' दाबलं, आणि काहीच झालं नाही. पडद्याला हळद लागली होती. माझं बोट त्याला कळेना. पुसलं तर स्वस्तिक पुसलं जाईल म्हणून काकी पुसू देईनात. मी करंगळीनं दाबलं, अंगठ्यानं दाबलं. शेवटी वृंदानं पदराच्या टोकानं बटणापुरती जागा साफ केली आणि म्हणाली, "आता दाबा, नाहीतर ह्यालाही भद्रा लागेल."

दाबलं गेलं. 'अभिनंदन, गुरुदत्त केळुसकर, आपण आता आमच्या परिवाराचे भागधारक आहात.' एकोणीस वर्षं काम करून मी परिवारात नव्हतो हे त्या दिवशी समजलं. भाव त्या दिवशी होता सातशे. दोन लाखांचे साडेतीन लाख! चार्जिंगच्या भोकात अक्षत अडकली ती टाचणीनं काढली, आणि संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. अनीशनं दोन घेतले आणि 'इतक्यात विकू नका' म्हणाला.

महिना संपला, पगार आला. म्हणजे पगाराचा मेसेज आला, आणि मला वाटलं की पहिला आकडा पुढच्या मेसेजमध्ये येईल. सत्तेचाळीस हजार कमी होते.

मी एचआरच्या सुजितकडे गेलो. हा मुलगा वयानं माझा मुलगा शोभेल, पण त्याच्या टेबलावर झाड आहे, माझ्या टेबलावर नाही.

"सुजित, पंधरा हजार कापायचे होते. कुणीतरी दुसऱ्याचा कर माझ्यावर टाकलाय."

त्यानं स्क्रीनवर बघितलं. "नाही सर, तुमचाच आहे. पर्क्विझिट व्हॅल्यू, म्हणजे सवलतीची किंमत, दीड लाख. त्यावर तीस टक्के, आणि वर सेस."

"सवलत शंभर रुपयांची आहे! पाचशेचा शेअर चारशेला."

"सर, तो अनाउन्समेंटचा भाव. टॅक्सला ज्या दिवशी तुम्ही स्वीकार केलं त्या दिवसाचा भाव लागतो. सातशे मायनस चारशे, तीनशे. परिपत्रकात आहे, पान चार." आणि मग तो अत्यंत आदरानं म्हणाला, "सर, त्या पानावर चेक्ड बाय म्हणून तुमचीच सही आहे."

होती. स्पेलिंग तपासायला दिलं होतं मला. स्पेलिंग बरोबर होतं.

म्हणजे बघा, त्या भद्रेच्या मंगळवारी मी बटण दाबलं असतं तर सवलत शंभराची. त्याच वस्तूचे मी तेवढेच चारशे मोजले, फक्त मुहूर्तावर मोजले, तर सवलत झाली तीनशेची. कंपनीनं मला एक दमडी जास्त दिली नव्हती. पण ज्या दिवशी आम्ही पेढे वाटले तोच दिवस सरकारनं पकडला. गुरुपुष्यावर घेतलेलं वाढतं, हे काकी म्हणाल्या ते अक्षरशः खरं झालं. कर वाढला.

"तारीख बदलता येईल का?"

"टाइमस्टॅम्प आहे सर."

"मग मी सवलत परत करतो. वरचे पैसे घ्या माझ्याकडून. पूर्ण भावानं घेतो मी."

सुजितनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पगारवाढ नाकारतोय. मग त्यानं खरोखर शोधलं. मुलगा मनानं चांगला आहे. "सर, डिस्काउंट रिफ्यूज करायचा ऑप्शनच नाही सिस्टममध्ये. आणि आता पैसे भरले तरी टॅक्स तो बसणारच. तुम्ही सेल करून टाका ना, प्रॉफिटमध्ये आहात."

हे मात्र मला पटलं. विकायचे आणि मोकळं व्हायचं. मी विकण्याच्या परवानगीचा अर्ज भरला, आणि दहा मिनिटांत तो नामंजूर होऊन आला. कारण: तिमाहीचे निकाल जाहीर होईपर्यंत अकाउंट्स खात्यातल्या कुणीही कंपनीचे शेअर विकायचे नाहीत. आतली बातमी माहीत असते ना आम्हाला. मला आतली बातमी एवढीच माहीत होती की सेल्सवाले रिक्षाचं भाडं वाढवून लावतात. ते बंदीचं परिपत्रक दर तिमाहीला मीच टाइप करून सगळ्यांना पाठवतो, शेवटी 'उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई होईल' हे वाक्य ठळक करतो.

आणि मग भाव उतरायला लागला. मोठ्या ऑर्डरची बातमी ही नुसती बातमीच होती. सातशेचे सहाशे, सहाशेचे साडेपाचशे. ग्रुपवर पुन्हा सुविचार सुरू झाले. वॉचमन गेट उघडताना आकाशाकडे बघायला लागला. जिन्यात बायका वृंदाचा हात धरून म्हणायच्या, "होईल गं सगळं नीट," जसं काही मी आयसीयूत आहे. वाघमाऱ्यांनी गाडी पुन्हा होती तिथं आणली.

अशात वृंदाला कापड आणायला उल्हासनगरला जायचं होतं, आणि मी पिशव्या धरायला गेलो. हितेशभाईंच्या गादीवर ती दहा वर्षं जाते. तिनं यावेळी कमी माल उचलला, तेव्हा त्यांनी विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. हितेशभाईंनी कात्री खाली ठेवली.

"साईं, एक मिनट. डिस्काउंट दिया कंपनीने, और टॅक्स लगा आपको?"

"हो."

"तुमची कंपनी उलटा धंदा करते. आम्ही पहले भाव चढवतो, मग डिस्काउंट देतो. गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. तुमच्या कंपनीने पहले डिस्काउंट दिला, मग भाव चढला. मग तो चढलेला पण डिस्काउंटच झाला ना?"

मान्यताप्राप्त सल्लागारानं फी घेऊन याहून नीट सांगितलं नसतं. मला फार अपमान वाटला. मग ते वृंदाकडे वळून म्हणाले, "भाभी, तुम्हाला पण मी डिस्काउंट देतो दहा वर्षं. सरकारला नका सांगू हां."

"तुम्ही माझे मालक नाही, हितेशभाई," वृंदा म्हणाली. "भाजीवालीचा नियम आहे."

निकाल लागले, बंदी उठली, आणि त्याच दिवशी जनूचा फोन आला. वृंदानं स्पीकरवर टाकला.

"ताई, मना काय बी घाई नाय, पन एक केकवाला आलाय. अडीच घेऊन बसलाय. तुमाना सनवारपर्यंत सांगतो. सनवारी आलात त गाला तुमचा, नाय त त्याचा."

तिनं फोन ठेवला. तिनं एका जांभळ्या नऊवारीचा काठ उसवला आणि पुन्हा शिवायला घेतला. तो आधीच सरळ होता. त्या गाळ्याला तिनं मनात पडदा लावून झाला होता, आरसा कुठं टांगायचा तेही ठरलं होतं, मला माहीत होतं. तिच्या दहा वर्षांच्या पैशाला मी हळद लावून बसलो होतो.

भाव होता चारशे सत्तर. मी मोबाइल घेतला तेवढ्यात कौसाकाकी दारात.

"विकतोस? पुष्यावर घेतलेलं विकायचं नसतं. लक्ष्मी आहे ती. आज उतरलीय, उद्या चढेल."

"काकी," मी म्हणालो, "उद्या चढेल, पण गाळा शनिवारी जाईल."

"मग मंगळसूत्र मोडतात का कुणी दुकानासाठी?"

"मोडतात," वृंदा आतून म्हणाली. "पण हे मंगळसूत्र दिसत पण नाही, आणि घालता पण येत नाही. अहो, द्या इकडे." तिनं मोबाइल घेतला आणि स्वतःच्या अंगठ्यानं 'विका' दाबलं. पडदा स्वच्छ होता. पहिल्याच दाबाला गेलं.

दोन लाख पस्तीस हजार. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खात्यात आले.

आता हिशेब. वीस टक्के सवलतीत घेतले, घेतल्याहून चढ्या भावानं विकले, पस्तीस हजार नफा. सत्तेचाळीस हजार कर. म्हणजे सवलत आणि नफा दोन्ही मिळवून मी बारा हजारांनी खाली. सरकारच्या वहीत तर याहून मजा आहे. तिथं मला दीड लाख जादा पगार मिळाला आहे, आणि मग मीच सातशेचे शेअर चारशे सत्तरला विकून एक लाख पंधरा हजारांचा तोटा ओढवून घेतला आहे. हा तोटा पगारातून वजा होत नाही. तो फक्त शेअरच्या नफ्यातून वजा होतो, आणि त्यासाठी तो पुढची आठ वर्षं जपून ठेवायची सोय आहे. आमच्या घरात मुदतठेव उरली नाही, पण मुदततोटा आहे.

मी वृंदाला सगळं सांगितलं. तुझे अडीच अखंड म्हणालो होतो, पंधरा हजार कमी आहेत, आणि माझ्या खात्यात पंधरा हजार आहेत पण त्यात हप्ता, दूध आणि वीज आहे. तिनं खात्यातला आकडा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, "उद्या जाऊ तर खरं. तोंडावर नाही म्हणू दे त्याला."

"उद्या अमावस्या आहे," खालून काकींचा आवाज आला. आमच्या जिन्यात काहीही लपत नाही. "वैशाखातली. अवसेला कुणी करार करतं का? आणि परवापासून अधिक महिना. अधिकात तर काहीच नाही!"

वृंदानं जिन्यात डोकं काढलं. "काकी, चांगल्या मुहूर्ताचा अनुभव घेऊन झाला आमचा."

शनिवारी सकाळी स्कूटरवर निघालो. पुढं मी, मागं वृंदा, मधे नमुन्याच्या नऊवारींचं गाठोडं. का घेतलं म्हणून विचारलं तर म्हणाली, हात रिकामे बरे दिसत नाहीत. मी वाटेत जनूसमोर करायचं भाषण पाठ करत होतो. 'उर्वरित रकमेबाबत' अशी सुरुवात होती.

हेंद्रेपाड्यात जनू गाळ्यासमोर खुर्ची टाकून बसला होता, फोन कानाला. शेजारच्या खुर्चीत त्याची आई, बनूबाई, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, तोंडात मिस्री. आम्हाला बघून जनूनं हात केला आणि फोनमध्येच भांडत राहिला. "अरे दादा, काल त हो बोललास... मग अवस अवस काय करतंस?... कवा? अधिक झाल्यावर? महिनाभर गाला काय धुवून ठेवू?" मग फोन बंद करून तो आमच्याकडे वळला.

"केकवाला. पैसं तयार हायेत, पन त्याची सासू बोलली अवसेला सही नको. उद्या अधिक लागतं, त त्यात बी नको. महिन्याचा भाडा कोन देल, सासू?" त्याला एकदम शंका आली. "तुमाना चालते अवस?"

"आम्हाला चालते," वृंदा म्हणाली. आणि माझं भाषण सुरू व्हायच्या आत तिनं सांगून टाकलं, "पण जनूदादा, पंधरा हजार कमी आहेत. दोन महिन्यांत देते."

जनूनं डोकं खाजवलं. गाळा जातोय की राहतोय हे त्या खाजवण्यात होतं. "तसा... कमी पैसं, वर अवस. मंग त्याच्यासाठी महिना थांबलेला काय वाईट?"

"जन्या," बनूबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ गाठोड्याकडे बघत होत्या. "दिवालीला लक्षुमी कवा पुजतंस रं?"

"आये, त्याचा काय..."

"कवा पुजतंस?"

"अवसेला."

"तवा दारं उघडी टाकतंस, दिवं लावतंस, ये गो ये गो करतंस. आन आज ती उनाची सवता चालत आली, त तिला बोलतंस महिन्यानी ये? पंधरा हजार कमी हायेत म्हनून?" मग वृंदाला, "खोल बगू त्यो गाठोडा."

वृंदानं जांभळी काढली. बनूबाईंनी ती हातात घेतली, उलटी केली, आत हात घालून बघितलं आणि इतक्या हसल्या की मिस्री सांडली. "आगं बाय! लुगड्याचा पायजमा शिवलाय!"

"आजी, दोन मिनिटांत नेसून होतं."

"मना शिकवू नको. मी डोल्यं मिटून नेसतंय." पण त्यांनी ती खाली ठेवली नाही. काठावरून बोट फिरवलं. "आमच्या सोनीचा लगीन हाय, अधिक झाला की लगेच. हलदीला सगल्या पोरींना लुगडी नेसाची हायेत, आन एकीला बी कासोटा येत नाय. घालतात आन फोटोत सुटतो. पंधरा हजारांत किती जनींना होतील?"

"सगळ्यांना," वृंदा म्हणाली. "आणि तुमच्या सोनीला मी स्वतः येऊन नेसवीन. खरं, न शिवलेलं."

"मंग फिटलं. जन्या, कागद आन."

जनूनं कागद आणला. मी अकाउंटंट आहे, मला राहवेना. "म्हणजे करारात डिपॉझिट किती लिहायचं? अडीच की दोन पस्तीस? कारण गाळा सोडताना परत..."

"अडीच ल्ही," बनूबाई म्हणाल्या. "लुगडी काय फुकट आनतेय ती?"

वृंदानं सही केली. भर अमावस्येला, भर उन्हात, तिची सही कधी इतकी मोठी आलेली मी पाहिली नव्हती. ती मालकाच्या रकान्यात शिरली होती. जनूनं शटर वर ओढलं. आत सिमेंटचा वास, कोपऱ्यात वाळूची पाटी, आणि भिंतीवर आरशासाठी नेमकी हवी तेवढी जागा. वृंदा आत जाऊन मधोमध उभी राहिली आणि एक गिरकी घेऊन चारी भिंती बघितल्या.

माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं होतं. रोख पैशाऐवजी लुगड्यांचं भाडं दिलं, म्हणजे वृंदाला पंधरा हजारांचं उत्पन्न झालं. पण लुगडी देणार अधिक संपल्यावर, आणि कागद आजचा. मग त्या लुगड्यांचा भाव नेमका कुठल्या दिवसाचा...

"बनूबाई, एक विचारू का," मी म्हणालो.

बनूबाईंनी शटरमागची नवी केरसुणी काढली, तिला हळदीचं बोट लावलं आणि माझ्या हातात दिली.

"मंग इचार," त्या म्हणाल्या. "आदी झाडून घे. लक्षुमी हाय ती, उलटी धरू नको."